इस्तरमावशीचं पहिलं पाणी

दिवाळी अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. मी अजून तिशीतही नाही, आणि माझ्या कामात निवृत्ती नसते. माणूस एक तर कंटाळून एमआयडीसीत नोकरी धरतो, नाही तर ग्रामपंचायतीला उभा राहतो. संपादकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, तरी लिहा, फक्त पत्रक लिहू नका. ही अट मला जड जाणार आहे, कारण पत्रकं लिहूनच मी लिहायला शिकले. पत्रकात कुणाचं गेलं, कुणी नेलं आणि कुठं जमायचं एवढंच असतं. थक्क व्हायला तिथं जागा नसते. मला सांगायची गोष्ट मात्र थक्क होण्याचीच आहे, आणि तिचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

माझं काम पाण्याचं. म्हणजे टँकरचं नव्हे, बाटलीचं नव्हे, कालव्याचं. बारामती-इंदापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. धरणातून कालव्याला ठरावीक काळ पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. कालव्यातून चारी निघते, चारीतून पोटचारी, आणि पोटचारीवर ओळीनं शेतकरी बसलेले असतात. तोंडाशी ज्याचं रान तो हेडचा, शेवटी ज्याचं रान तो टेलचा. नियम असा आहे की पाणी आधी टेलला न्यायचं आणि मग एकेकाला देत हेडकडं यायचं. कागदावरचा इतका शहाणा नियम मी दुसरा पाहिला नाही. प्रत्यक्षात पाणी हेडला दिसतं आणि टेलला त्याची नुसती बातमी येते. वाटेत कुणी चारी फोडतो, कुणी रात्रीत मोटर टाकतो. सणसरकडच्या एकानं तर पाइपात जुनी गादी कोंबून पाणी तुंबवलं होतं. आम्ही गादी ओढून काढली तर तो म्हणाला, गादी माझी आहे, तेवढी वाळवून द्या.

अशा माणसांशी भांडणं हे माझं काम. आमची संघटना लहान. बारामतीत एका गॅरेजच्या वर एक खोली, आणि आबा. आबा म्हणजे आमचे म्होरके. पाटबंधारे खात्यातला प्रत्येक साहेब त्यांना ओळखतो आणि शक्यतो टाळतो. घोषणा आमची एकच, आणि ती माझी आहे: टेलचं पाणी टेलला. ती भिंतीवर दिसली की मला अजूनही छाती फुगल्यासारखं होतं.

इस्तरमावशी आमच्याकडे तक्रार घेऊन आली नव्हती. तिचा मुलगा सायमन आला होता. तो एमआयडीसीत दूध प्रकल्पावर कामाला. शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकल थेट आमच्या जिन्याखाली लावून वर आला आणि म्हणाला, "आमच्या आईला भांडता येत न्हाय. तुमी भांडा."

आईचं खरं नाव एस्तेर. पण त्यांच्या गावात, अंथुर्ण्याच्या पुढं, सगळे तिला इस्तरबाई म्हणतात आणि आम्ही इस्तरमावशी म्हणायला लागलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना परत परत लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायला लागू नये म्हणून. गावातलं ख्रिस्ती घर हे एकच. घर गावाच्या टोकाला आणि रान पोटचारीच्या टोकाला. हा योगायोग नसतो, हे मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणते. एकराच्या आतलं रान, त्यात खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ऊस कारखान्याला गेला की सायमनचं लग्न करायचं, असं ठरलं होतं. मुलगी पसंत होती, मुलीकडचे वाट बघत होते. म्हणजे त्या उसाला उन्हाळ्यात पाणी मिळालं तर लग्न, नाही तर पुढचं पुढं.

आणि पाणी मिळत नव्हतं, कारण वर दिनकरतात्या बसले होते. तात्यांची डाळिंबाची बाग पोटचारीच्या तोंडाशी. बोअर होता, तरीही आवर्तन आलं की आधी बाग भिजायची. मावशीच्या वाटणीच्या वेळेतही तात्यांचा गडी चारीत माती-पाचटाचा बांध घालायचा. मावशी बांधाशी जाऊन उभी राहायची, गडी मान खाली घालून काम करत राहायचा, आणि ती परत यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. एकदा तिनं तात्यांना गाठून विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "इस्तरबाय, तुज्या रानापतूर पाणी जाईस्तोवर निम्मं जमीनच पिती. वाया घालवायचं का?" हे वाक्य मी पत्रकात मोठ्या अक्षरात छापलं. खाली माझी ओळ: तात्यांची बाग हिरवी, टेलचं रान काळं. तालुक्यात ती गाजली. तात्यांनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवत फिरले, असं ऐकलं. रागानं की मिरवायला, कळलं नाही.

या कामात लोकांच्या घरी जेवावं लागतं, आणि मावशीच्या घरी मी पुष्कळ जेवले. तिची एक खोड माझ्या लवकरच लक्षात आली. घरात नवीन काही आलं की पहिलं घरात खायचं नाही. कोंबडीनं पहिल्यांदा अंडं घातलं, मंडळीत गेलं. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. शेंगांची पहिली ओंजळ, मक्याचं पहिलं कणीस, सायमनचा पहिला पगार, सगळं मंडळीत. याला ते प्रथमफळ म्हणतात. मी तिला विचारलं, आधी घरच्यांनी पोटभर खावं, मग उरलेलं द्यावं, यात काय वाईट आहे? ती भाकरी थापत म्हणाली, "उरल्यालं तर आपुन कुत्र्याला बी देतो की."

एकदा ती मला बारामतीत त्यांच्या कापणीच्या सणाला घेऊन गेली. लहानसा हॉल, पुढं टेबल, टेबलावर दुधीभोपळे, कणसं, उसाची मोळी, टोपलीत गावठी अंडी, आणि बाकाखाली पाय बांधलेली कोंबडी, ती मधूनच उपासनेत भाग घेत होती. उपासना झाली आणि लिलाव सुरू झाला. एका अंड्याची बोली लागली. टेंपो चालवणाऱ्या एका माणसानं ते अंडं अशा किमतीला घेतलं की मी आकडा लिहीत नाही, तुमचा विश्वास बसायचा नाही. पैसे दिले आणि म्हणाला, ठेवा परत टेबलावर. तेच अंडं पुन्हा लिलावात. पुन्हा कुणी घेतलं, पुन्हा ठेवलं. मी मागच्या बाकावर बसून उकळत होते. ही माणसं कंपन्यांत रोजंदारीवर जाणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी. यांच्या खिशातून हे असं काढून घेणं म्हणजे काय? बाहेर आल्यावर मी मावशीला सरळ सांगितलं की ही लूट आहे.

ती म्हणाली, "लुटल्याली माणसं अशी हसतात व्हय?"

हसत होते हे खरं होतं. ते अंडं तिसऱ्यांदा टेबलावर आलं तेव्हा सगळा हॉल हसून लोटपोट झाला होता. मला तेव्हा त्याचाच जास्त राग आला.

तर, लढाई. तिचं सगळं सांगत बसत नाही. अर्ज, धरणं, साहेबांच्या दारात बैठक, पुन्हा अर्ज, असंच ते असतं. आबांनी नियमाचं पुस्तक साहेबांच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि म्हणाले, हे खोटं असेल तर फाडा, खरं असेल तर पाळा. शेवटी लेखी आदेश निघाला. येणाऱ्या उन्हाळी आवर्तनात त्या पोटचारीवर पाणी टेलपासून सुरू करायचं. पहिली वाटणी एस्तेरबाईंची, सकाळी उजाडल्यापासून दुपार कलेपर्यंत. मग वरचे एकेक. सगळ्यात शेवटी दिनकरतात्या.

आता यातली मेख सांगते. त्या उन्हाळ्यात तात्यांचा बोअर आटला होता. बागेला फळं धरलेली, आणि शेवटच्या वाटणीपर्यंत आवर्तन टिकेल याची खात्री नव्हती. म्हणजे आमच्या आदेशानं तात्यांची बाग जाणार होती. हे आम्हाला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, आम्हाला बरं वाटलं होतं. कुणी तरी ते मावशीपुढं बोलूनही दाखवलं, की आता तात्याला कळेल वाळकं रान कसं दिसतं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

पाणी यायच्या दिवशी आम्ही सकाळीच तिच्या रानात जमलो. फलक लावला. पेढे आणले होते. मोबाइलवर बातम्या चालवणारा एकजण कॅमेरा घेऊन सरीत उभा होता, उसात पाणी शिरतानाचं दृश्य घ्यायला. सायमननं रजा टाकली होती. आसपासचे टेलचे शेतकरी आले होते. पुढं त्यांचीच वाटणी होती. विजयाचं पत्रक मी आदल्या दिवशीच छापून आणलं होतं आणि पिशवीत गठ्ठा होता. मावशी घरात नव्हती. सायमन म्हणाला, आई पहाटेच खोरं घेऊन वर गेली, पाण्याबरोबर चालत येईल. आम्हाला ते चित्र इतकं आवडलं की कॅमेरावाल्यानं ते आपल्याला हवंच असं सांगितलं.

पाणी आलं नाही. ऊन चढलं. पोटचारीत सरडे फिरत होते. पेढ्यांना मुंग्या लागल्या. टेलच्या माणसांना वाट बघायची सवय असते, म्हणून सुरुवातीला सगळे बांधावर बसून राहिले. मग एकजण म्हणाला, तात्यानं डाव साधला. बस्स, तेवढंच लागलं. आम्ही सगळे पोटचारीच्या काठानं वर निघालो. घोषणा मीच देत होते. सायमननं वाटेत बाभळीचा दांडका उचलला, तो मी पाहिला आणि त्याला टाक म्हणाले नाही.

तात्यांच्या बागेपाशी चारीत बांध घातलेला होता. ताजा, नीट चोपलेला. सगळं पाणी वळून बागेत शिरत होतं, आणि त्याचा तो आवाज येत होता, जो आम्ही टेलला कधी ऐकत नाही. लोक चिडून बागेत घुसले. मी पुढं होते. झाडांच्या दोन ओळी ओलांडल्या आणि थांबले, कारण पुढं कुणाला शिव्या द्यायच्या तेच कळेना.

इस्तरमावशी लुगड्याचा काचा मारून घोट्याएवढ्या चिखलात उभी होती आणि खोऱ्यानं एका आळ्याचं पाणी दुसऱ्या आळ्यात सोडत होती. नीट, घाई न करता. एक झाड भरलं की त्याचं तोंड बंद, पुढच्याचं उघडं. दुसऱ्याच्या रानात मजुरीनं दारं धरतात ना, तशी ती तात्यांच्या बागेत दारं धरत होती. आणि तात्या बांधावर बसले होते. टोपी मांडीवर, हात गुडघ्यावर. त्यांच्या तोंडावर असा काही भाव होता की कुणी मेलं आहे की काय असं क्षणभर वाटलं.

घोषणा माझ्या तोंडातच राहिली. मागून येणाऱ्यांनी दोनदा आणखी दिली, मग तीही थांबली.

तात्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "पत्रकवाल्या बाई, मी तिला मागितलं न्हाय. हे छापा. सकाळी आलो तर ही हितं हुती आन पाणी झाडाला लागल्यालं हुतं. मी न्हाय मागितलं."

सायमन आईजवळ गेला. दांडका त्याच्या हातातच होता. "आई, काय करतीस?"

"दिसतंय की." तिनं वर पाहिलं नाही. "त्या सरीतनं बाजूला हो. बांध फुटंल."

तो बाजूला झाला. मग दांडका तिथंच चिखलात टाकून निघून गेला. थोड्या वेळानं लांबून मोटारसायकलचा आवाज आला.

मी नाही गेले. मी भांडले. माझं ते कामच आहे, आणि त्या क्षणी मला दुसरं काही येत नव्हतं. मी आधी तिला विचारलं, मावशी, दबाव आला का? ती म्हणाली, "आला की. आदेश आल्यापास्नं झोप न्हाय."

"कुणाचा दबाव?"

"ज्याचं पाणी हाय त्याचा."

मी म्हणाले, "पाटबंधारे खात्याचा?"

यावर ती हसली. चिखलात उभी राहून, खोऱ्यावर हात ठेवून मनापासून हसली, आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. मी तिला सगळं ऐकवलं. की हा माज पोसणं आहे. की पिढ्यान् पिढ्या वाकायला शिकवलं म्हणून तुम्हाला वाकण्यातच पुण्य दिसतं. की तुझा ऊस जळेल, सायमनचं लग्न मोडेल, आणि ते तुझ्या एकटीचं नाही. की आम्ही ज्याच्यासाठी उन्हातान्हात बसलो ते तू ज्यानं लुटलं त्याच्याच पायाशी नेऊन ओतलंस. सगळे ऐकत होते, तात्यांसकट. ती शेवटपर्यंत ऐकून घेत एक आळं भरत होती. मग म्हणाली ते मी जवळजवळ शब्दाला शब्द लिहिते, कारण ते मी नंतर पुष्कळ वेळा मनात भांडून पाहिलं आहे.

"पोरी, इतकी वर्सं हे पाणी ह्यानं नेलं. तवा ते दिलं असं कुणी म्हणंल का? नेल्याल्याला देणं म्हणत न्हाईत. तुमी लोकांनी मला मालकीण केली. पयल्यांदा माझं म्हणून पाणी आलं. मग पयलं देवाचं. ते मंडळीत कशात भरून नेऊ? म्हणून हितं सोडलं."

"मग दुसऱ्या कुणाला द्यायचं. टेलच्याच कुणाला तरी."

"त्यांस्नी दिलं आस्तं तर उद्या त्यांनी मला दिलं आस्तं. ती उसनवारी झाली." तिनं पुढच्या झाडाचं तोंड उघडलं. "ह्यो काय परत देनार हाय?"

हे ती तात्यांच्या देखत म्हणाली. टोमणा होता की साधा हिशोब, मला आजही सांगता येणार नाही. तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

दुपार कलली. तिनं स्वतः बांध फोडला, चारी मोकळी केली आणि टेलच्या माणसांना म्हणाली, आता तुमचं पाणी, चला. त्यांच्या वाटणीतला थेंबही तिनं घेतला नव्हता. फक्त आपला दिला होता. विजयाची पत्रकं मी तशीच परत आणली. त्या आवर्तनात तात्यांच्या खालच्या सगळ्यांना पाणी मिळालं, अगदी वेळेवर, नियमानं. एक ती सोडून. आणि आवर्तन तात्यांच्या वाटणीच्या आधीच बंद झालं. म्हणजे तिनं दिलं नसतं तर ती बाग गेलीच असती.

परतताना मी तशीच चिखलाच्या पायांनी त्यांच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळक म्हणजे चर्च सांभाळणारे. मला खात्री होती की हे त्यांनीच तिच्या डोक्यात भरलं. गरिबाला देत राहायला शिकवायचं आणि लुटारूला शिक्षाच करायची नाही, याला तुम्ही श्रद्धा म्हणता का, असं मी दारातच विचारलं. त्यांनी आधी सगळी हकिगत विचारली. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "मी असं सांगितलं नाही," ते म्हणाले. "शास्त्रातलं वचन मी वाचतो. पण इतक्या टोकाला जा असं सांगायची माझी छाती नाही. सायमनचं काय?"  माझ्याइतकाच धक्का त्यांनाही बसला होता, आणि त्यामुळे मला भांडायला कुणीच उरलं नाही.

ऊस जळाला. हे लिहायलाच पाहिजे, कारण अशा गोष्टी सांगणारे इथं हमखास पाऊस पाडतात. पाऊस पडला नाही. रानाच्या उंचवट्यावरचा निम्मा ऊस वाळला आणि जनावरांना वैरण म्हणून गेला. खोलगटातला तेवढा तग धरून राहिला. सायमनचं लग्न पुढं ढकललं गेलं. मुलीकडचे येऊन चहा न घेता परत गेले. सायमन घरातच राहायचा, पण आईशी कामापुरतं बोलायचा. एकदा आमच्या खोलीवर येऊन म्हणाला, "तिनं तिचं पाणी दिलं तर देऊ दे. माझं लग्न कशाला दिलं?"   देणाऱ्याचा हात मोठा असतो तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी ताट त्यात जातं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. मंडळीतल्या टेंपोवाल्याच्या बायकोलाही मला हे एकदा विचारायचं आहे.

संघटनेत बैठक झाली. मावशीचं नाव आपल्या कामातून काढून टाकावं, उद्या हेडचे लोक हिचंच उदाहरण देतील की बघा, चांगली माणसं देऊन टाकतात, असं काहीजण म्हणाले. त्यांत मीही होते. आबा खिडकीतून गॅरेजकडं बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आदेश कुणाच्या नावावर निघाला?" आम्ही म्हणालो, तिच्या. "मग पाणी तिचं. ते कुठं घालायचं हे ठरवणारी आपली संघटना कधीपासून झाली?" आबांना असं एका वाक्यात गप्प करायची वाईट सवय आहे. नाव राहिलं.

पुढच्या आवर्तनाची मला धास्ती होती. आदेश पुन्हा तोच होता, टेलपासून. पण हेडच्या माणसाला एकदा चव लागली की तो सोडत नाही, हे मी या कामात शिकलेलं पहिलं सत्य. तात्यांच्या बागेतली डाळिंबं तोवर चांगल्या भावानं गेली होती. त्यांनी मावशीला ना निरोप धाडला ना एक फळ. वाटेत दिसली तर ते रस्ता बदलायचे. म्हणून पाणी सुटायच्या दिवशी मी आधी टेलला गेलेच नाही. एकटीच हेडला गेले, त्यांनी बांध घातला तर रंगेहाथ धरायला.

बागेत जायच्या तोंडावर, चारीच्या काठाला तात्या बसले होते. बागेकडं वळणारं चारीचं तोंड मातीनं आणि पोत्यांनी पक्कं बुजवलेलं, आणि त्या पोत्यांवरच ते बसलेले. पाणी त्यांच्या पायाखालून खाली चाललं होतं. गडी लांब झाडाखाली होता, त्याला जवळ यायची बंदी असावी. ऊन चांगलंच होतं.

मी विचारलं, तात्या, राखण कशाची?

"माझीच," ते म्हणाले.  मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोअर अजून कोरडाच हाय. गडी म्हणला, जरा वळवू का, कुणाला कळतंय. म्हणलं, मुडद्या, हिचं पाणी तोडायची आता सोय ऱ्हायली न्हाय. तोडलं, आन ती पुन्हा खोरं घिऊन माझ्याच रानात दारं धराय आली, तर गावात मी तोंड कुठं दाखवू? तुमचं पत्रक बरं हुतं, बाई. ते खिशात मावत हुतं."

मी पोटचारीच्या काठानं खाली गेले. पाणी माझ्या आधी पोहोचलं होतं. मावशी आपल्या उसात उभी होती, आणि मी पाहिलेली सगळ्यात अधाशी बाई तीच. एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हती. सायमन दुसऱ्या टोकाला फुटणारे बांध पायानं दाबत होता. शिफ्टला जायच्या कपड्यांतच उतरला होता. तो अजून आईशी मोकळं बोलत नव्हता, पण ती ओरडेल तिकडे पळत होता. मी नवलानं बघत उभी राहिले तर ती माझ्यावर खेकसली, "सरीत का हुबी हायस? तुझ्या पायानं पाणी अडतंय."

मी बाजूला झाले आणि म्हणाले, मावशी, हे पाणी तरी नीट तुझ्याच रानात मुरू दे. ती म्हणाली, "पयलं दिलं. आता हे माझं. ह्यातलं कुणी मागितलं तर खोरं घालीन डोक्यात."

मग मी तिला तात्यांचं सांगितलं. बुजवलेलं तोंड, पोती, ऊन, सगळं. ती ऐकत होती आणि खोरं चालू होतं. मग थांबली. बांधावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली कळशी होती. तिनं त्यातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

"जा, त्याला नेऊन दे प्यायला. उन्हाचा बसलाय म्हातारा. आन तांब्या परत आण, एकच हाय."

तुझ्या बाजूनं भांडले ती मी, त्याच्यावर पत्रक काढलं ती मी, आणि आता त्याला पाणी पाजायलाही मीच का, असं मी म्हणणार होते. पण ती वळून पुन्हा उसात शिरली होती. मी चरफडत निघाले. तांब्या काठोकाठ भरलेला, सांडू नये म्हणून हळू चालावं लागत होतं. शेजारून पोटचारीचं पाणी टेलला चाललं होतं, जसं जायला हवं तसं, नियमानं, माझ्या घोषणेप्रमाणे. आणि निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं की टेलचं पाणी दोन्ही हातांत धरून मी हेडला घेऊन चालले आहे.